डाव्या हातातला ग्लव्ह

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज मी सरळसरळ खोटं बोलले आणि त्याचं मला काही वाटत नाहीये.

संध्याकाळी कुकर लावत होते, तेव्हा प्राची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मार्चमध्ये श्यामकांतांशी लग्न करून मी अंबरनाथ पूर्वेहून या बदलापूरच्या घरात आले, त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत त्यांची ही चौदा वर्षांची मुलगी माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. दूध संपलंय. बाबा कधी येणार? उद्या डबा नको. उद्धटपणा अजिबात नाही, तक्रारीला जागाच ठेवत नाही. तिची आई, अनुजा, पाच वर्षांपूर्वी गेली. श्यामकांत कंपनीच्या कामासाठी गुजरातेत दहेजला असतात, पंधरा दिवसांतून एकदा रविवारपुरते येतात. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि दोघी आपापल्या खोलीत.

तर ती म्हणाली, "तुम्हाला बेसबॉलच्या ग्लव्हबद्दल काही माहिती आहे का?"

मी म्हणाले, "हो, आहे की."

मला बेसबॉलबद्दल एवढंच माहीत आहे की तो क्रिकेट नसतो. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने कामापलीकडचं काहीतरी विचारलं होतं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

शाळेत नितीन सर म्हणून नवीन क्रीडाशिक्षक आलेत. त्यांनी मुलींचा बेसबॉलचा संघ काढलाय. सोळा मुली आणि ग्लव्ह सहा. ज्यांच्याकडे स्वतःचा असेल त्यांना सराव जास्त मिळतो. २१ डिसेंबरला निवड, जानेवारीत उल्हासनगरला शाळाशाळांची स्पर्धा.

"शनिवारी जाऊ," मी म्हणाले. "तोपर्यंत मी जरा बघून ठेवते."

बुधवार, १३ नोव्हेंबर

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ग्लव्हचा अभ्यास केला. आमच्या फॅक्टरीत रंगाचा प्रत्येक नमुना माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही, त्यामुळे वाचून समजून घ्यायची सवय आहे. ग्लव्ह एकच असतो. ज्या हाताने बॉल फेकायचा तो हात मोकळा ठेवायचा, ग्लव्ह दुसऱ्या हातात. प्राची उजव्या हाताने फेकते, म्हणजे डाव्या हाताचा ग्लव्ह. अंगठा आणि बोटांच्या मध्ये जाळी असते, बॉल तिथे अडकवायचा. सोपं आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सोपं नाही.

स्टेशनजवळच्या दुकानात मी आत्मविश्वासाने बेसबॉलचा ग्लव्ह मागितला. दुकानदाराने विकेटकीपिंगचे काढले. मी म्हटलं, हे नाही, तो एकच असतो. त्यावर तो फार कळवळून म्हणाला, "दुसरा हरवला का ताई?" प्राचीने तोंड फिरवलं. मला वाटलं तिला माझी लाज वाटली. पण बाहेर आल्यावर बघितलं तर तिचे खांदे हलत होते.

मग स्कूटरवरून अंबरनाथला गेलो. तिथे एक मिळाला, निळा, प्लास्टिकचा, कडेने कार्टून. "हा सहा वर्षांच्या मुलांचा आहे," प्राची म्हणाली, पण हातात घालून बघितला आणि मग मलाही घालायला लावला. माझी तीनच बोटं आत गेली.

येताना माझ्या भावाच्या गल्लीतल्या गाडीवर भजी खाल्ली. ती मीना नावाच्या मुलीबद्दल सांगत होती. मीना बारवीकडच्या एका पाड्यावरून येते, शेतात दगड मारून पाखरं हाकायची सवय, त्यामुळे तिचा नेम असा की सर बघतच राहिले. "सर, मी तिच्यासमोर एकदम ढ आहे," असं प्राची सरांना स्वतःच सांगून आली म्हणे. मी एवढं सलग बोलताना तिला ऐकलंच नव्हतं. भूक लागली की माणूस बोलतो, असं असेल.

"पुढच्या शनिवारी उल्हासनगरला बघू या का?" तिनेच विचारलं. ग्लव्हची फार घाई आहे तिला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मधल्या दिवसांत मी एक ग्लव्ह ऑनलाइन मागवला होता, म्हणजे तिला शनिवारी वणवण नको. आज आला. उत्तम चामडं, साडेअकरा इंच. तिने डाव्या हातात घालायचा प्रयत्न केला, तर अंगठा भलतीकडेच. तो उजव्या हाताचा निघाला.

मी हुशारीने 'लेफ्ट' असं निवडलं होतं. पण तिथे 'लेफ्ट' म्हणजे जो डाव्या हाताने फेकतो त्याच्यासाठी. आयुष्यभर लेबलं वाचून सह्या करणारी बाई मी.

प्राचीने तो उजव्या हातात चढवला, कालच्या मतदानाची शाई लागलेलं माझं डावं बोट धरून म्हणाली, "आता फेकायचं कशाने? याने?" आणि आम्ही दोघी फरशीवर बसून इतक्या हसलो की शेजारच्या किर्तीची आई दार वाजवून विचारून गेली.

ग्लव्ह परत पाठवला. "बरं झालं," प्राची म्हणाली, "आता शनिवारी जावंच लागणार."

शनिवार, २३ नोव्हेंबर

उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पातलं एक दुकान सापडलं. मालक भूपेशभाई, सिंधी, साठीचे, चष्मा कपाळावर. दाराशी पिंपात बेसबॉलच्या बॅटी उभ्या केलेल्या, छत्र्यांसारख्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, इथे खेळणारे आहेत.

"बल्ला तो रोज जाता है दीदी," ते म्हणाले. "गाडीत सीटखाली ठेवतात लोक. बॉल कोणी मागत नाही. आणि ग्लव्ह? वीस साल में आप पहली."

तरी त्यांनी शिडी लावून माळ्यावरून एक खोका काढला. तपकिरी, बारा इंच, खरं चामडं, जुना माल पण कोरा. धूळ पुसली तर सुरेख. मला लगेच पटला. प्राचीने घातला, मिटून बघितला, मग माझ्या हातात दिला. "तुम्ही घाला ना." मी घातला. तिने माझं मनगट वळवून वळवून बघितलं.

"नको," म्हणाली. "अंगठी अडकते."

"माझी अंगठी अडकली तर तुला काय?"

"दोन हातांवर बघितलं की नक्की कळतं."

यात तथ्य आहे. आम्हीही एक नमुना दोनदा तपासतो. भूपेशभाईंनी जालंधरहून माल मागवतो म्हणून नंबर घेतला. नंतर कोपऱ्यावर दाल-पक्वान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, खाल्लं. तिने माझ्या ताटलीतलं अर्धं पक्वान न विचारता उचललं. मोठी होतेय, भूक वाढलीय. उद्यापासून डब्यात एक पोळी जास्त द्यायला हवी.

शनिवार, ३० नोव्हेंबर

जालंधरचे तीन आले. काळा, तांबडा, पिवळट. तिन्ही डाव्या हाताचे, तिन्ही मापाचे. तिन्ही नापसंत. एकाला वास येतो. एकाची जाळी "कशीतरीच". तिसऱ्याचं तर कारणच सांगता येईना; म्हणाली, "पुढच्या आठवड्यात अजून येतील ना, अंकल?"

भूपेशभाई तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसले. "आएंगे बेटा. आते रहेंगे."

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला वाटतं, मी सोबत असते म्हणून तिला काहीच आवडत नाही. अनुजा असती तर पहिल्याच दुकानात घेऊन मोकळी झाली असती. मला मूल नाही, त्रेचाळिसाव्या वर्षी चौदा वर्षांची मुलगी एकदम घरात मिळाली. कुठल्या वस्तूला काय म्हणून नाही म्हणतात, हे ओळखायला शिकायची वर्षं माझ्याकडे नव्हतीच.

येताना रस्त्यात तिने माझा खांदा धरला होता. एरवी मागचा दांडा धरून बसते. खड्डे फार वाढलेत.

बुधवार, ४ डिसेंबर

स्पर्धेच्या अर्जावर माझी सही हवी म्हणून ती कागद ठेवून गेली. 'पालकाचे नाव' या जागी तिच्या अक्षरात 'उमा श्यामकांत दांडेकर'. श्यामकांत दहेजला असतात, सही कोण करणार, म्हणून सोयीसाठी लिहिलं असणार. तरी मी तो कागद दोनदा वाचला. सही जरा तिरकी गेली.

शनिवार, ७ डिसेंबर

आज दुकानाऐवजी शाळेच्या मैदानावर गेले. म्हटलं, सरांनाच विचारावं काय चुकतंय.

नितीन सर तिशीचे, उन्हाने रापलेले. म्हणाले, "मॅडम, साडेअकरा ते बारा इंचांत कुठलाही चालेल हो. चामडं असावं, मनगटाचा पट्टा आवळता यावा आणि बोटं मिटली की ग्लव्ह मिटावा. नवशिक्या मुलीला यापेक्षा काय लागतं?"

"मग हिला एकही का पटत नाही?"

"ते तुम्ही तिला विचारा." मग म्हणाले, "नजर छान आहे तिची. फक्त बॉल जवळ आला की मान फिरवते. भीती. पण सरावाने जाईल. घरी तुम्ही रोज खेळताच ना तिच्याशी?"

मी विचारलं, "असं म्हणाली ती?"

"सगळ्यांना सांगत असते. रोज संध्याकाळी आम्ही दोघी कॅच खेळतो म्हणून."

पलीकडे प्राची खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. बांधलेल्या नाड्या सोडून परत बांधत होती.

मी म्हणाले, "हो. रोज." एका महिन्यातलं दुसरं खोटं.

घरी आल्यावर रागवावं असं मनात होतं. सरांशी खोटं बोलणं बरं नाही. पण मी स्वतः काय केलं होतं? शेवटी ठरवलं, पोर उघडी पडू नये एवढं तरी बघावं. म्हटलं, "बॉल आहे का घरात?" ती एका उडीत दप्तराकडे गेली. टेनिसचा बॉल घेऊन आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो आणि दिवे लागेपर्यंत खेळलो. माझ्या हातून तेवीस सुटले. तिने मोजले.

शुक्रवार, १३ डिसेंबर

काहीतरी चुकलं आणि काय ते कळत नाही.

निवड आठ दिवसांवर आलीय. म्हणून आज फॅक्टरीतून सुटल्यावर परस्पर उल्हासनगरला गेले. भूपेशभाईंकडे पावणेबारा इंचाचा एक नवीन आला होता, मधासारखा रंग, शिवण घट्ट, पट्टा उत्तम. माझ्या यादीतल्या सगळ्या गोष्टींवर बरोबर. "बेटी नहीं आई?" त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय.

तो दिला मात्र. तिने खोका उघडला, ग्लव्ह हातात घेतला. घालून बघितला नाही.

"तू एकटीच गेलीस?"

"अगं, उद्याचा शनिवार वाचला तुझा. पुन्हा हेलपाटा नको."

"मला वाचवायचा नव्हता!" असं ओरडली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दाराआडून रडण्याचा आवाज येत होता. जेवायला आली, पण खाली बघून जेवली.

बरोबर हात, बरोबर माप, बरोबर चामडं. आणि मुलगी रडतेय.

शनिवार, १४ डिसेंबर

प्राची सकाळीच किर्तीकडे गेली. मी कपाटं आवरली. शनिवारची दुपार इतकी लांब असते हे विसरलेच होते.

श्यामकांतांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "उमा, दर शनिवारी संध्याकाळी तिचा मला फोन येतो. तासभर सांगत असते. कुठल्या दुकानात काय झालं, तू काय म्हणालीस, दुकानदार काय म्हणाला. मी काय म्हणतोय, कळतंय का?"

कळलं. बापाशी तासभर बोलते, माझ्याशी नाही. ते मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी फोनवर एवढा सुस्कारा का टाकला, कोण जाणे.

रविवार, १५ डिसेंबर

दुपारी मी पेपर वाचत होते. प्राची ग्लव्ह घेऊन समोर उभी राहिली. डोळे सुजलेले, पण ग्लव्ह हातात घातलेला.

"हा मिटतच नाही," म्हणाली. "पुठ्ठ्यासारखा आहे."

"नवीन चामडं आहे. त्याला वळण लावावं लागतं."

"कसं?"

हे मात्र मी खरंच वाचलं होतं. म्हटलं, थोडं तेल लावायचं, अगदी थोडं. मग मधोमध ठोकायचं. मग आत बॉल ठेवून बांधून ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे रोज कॅच खेळायचे, तीन आठवडे.

"रोज?"

"रोज. एकटीने होत नाही. समोर कोणीतरी लागतं."

"शनिवारी पण?"

"शनिवारी दुप्पट."

तिचा चेहरा एकदम उजळला. खेळाबद्दल एवढी जिद्द मी कुणात बघितली नाही. मग आम्ही खलबत्त्यातला बत्ता जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि आलटून पालटून ग्लव्ह ठोकला. ती म्हणाली, "तू माझ्यापेक्षा जोरात मारतेस, कुणाचा राग काढतेयस?" मी म्हटलं, ऑनलाइनवाल्यांचा. संध्याकाळी बॉल आत ठेवून माझ्या परकराच्या नाड्याने ग्लव्ह बांधला आणि तिच्या गादीखाली सरकवला. ती त्यावर बसून दोनदा उडाली.

शनिवार, २१ डिसेंबर

निवड झाली! चौदात तेरावी, पण झाली. मीना पहिली, अर्थातच.

मी कठड्याशी उभी होते. सरांनी उंच मारलेला एक बॉल प्राचीच्या दिशेने आला. तिची मान फिरायला लागली, अर्ध्यावर थांबली, आणि बॉल ग्लव्हमध्ये पडला. पडल्याचा आवाज इतका छान येतो! मी टाळ्या वाजवल्या त्या जरा जास्तच झाल्या. बाजूच्या आयांनी वळून बघितलं.

शनिवार, २८ डिसेंबर

आता खरा बॉल वापरतो, त्यामुळे माझे तळवे लाल होतात. काल लॅबमध्ये पिपेट धरवत नव्हती. सकाळी प्राचीने माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, "चल, स्कूटर काढ. भूपेश अंकलकडे."

"आता कशाला?"

"चल तर."

दुकानात पोचलो तर खोका काउंटरवर तयार. भूपेशभाई म्हणाले, "दीदी, ये आपका. बेटी ने फोन पे माप बताया." साडेबारा इंचाचा, गडद तपकिरी, बोटांना ऐसपैस. घातला तर अंगठीसकट बसला.

"तू अंगठी काढत नाहीस ना," प्राची म्हणाली, "म्हणून जरा मोठा सांगितला होता. तेव्हाच बघून ठेवलेलं मी."

मुलीची निरीक्षणशक्ती दांडगी आहे. विज्ञानात मार्क कमी का पडतात, समजत नाही. भूपेशभाईंनी आमच्या दोघींचा, ग्लव्ह वर धरलेला फोटो काढून घेतला. दुकानात लावणार म्हणे. त्यांच्या मते एकाच घरात दोन ग्लव्ह हा उल्हासनगरच्या बाजारातला विक्रम आहे.

रविवार, १२ जानेवारी

स्पर्धेत हरलो. पहिल्याच सामन्यात, चार विरुद्ध अकरा. प्राचीला शेवटी थोडा वेळ उतरवलं. एक झेल घेतला, एक सोडला. मीनाने कुठून तरी लांबून बॉल असा फेकला की समोरच्या संघाच्या सरांनीही टाळ्या वाजवल्या. परत येताना टेम्पोत मुली इतकी गाणी म्हणत होत्या की रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, आम्हीच जिंकलो. मी स्कूटरवरून मागे मागे होते, पण घसा माझाही बसलाय.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर नितीन सरांनी पालक विरुद्ध मुली असा सामना ठेवला होता. श्यामकांत काल आले होते, त्यांनाही ओढलं. ते पहिल्याच फेरीत बेसऐवजी सरळ पाण्याच्या पिंपाकडे धावले आणि बाद झाले. किर्तीची आई साडी खोचून खेळली. मीनाचे वडील पहाटेच निघून आले होते. त्यांनी एकदाच बॉल फेकला आणि मीनाचा हात कुणावर गेलाय ते सगळ्यांना कळलं.

मी माझा ग्लव्ह घेऊन लांब, कडुलिंबाच्या बाजूला उभी होते. तिकडे बॉल येणार नाही अशा हिशेबानेच मला उभं केलं असावं.

मुलींना जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि बॅट प्राचीच्या हातात. तिने मारला. इतका जोरात तिने आजवर कधीच मारला नव्हता. बॉल वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि मग दिसला तेव्हा माझ्याकडेच येत होता. मला एवढंच आठवतं की मागे सरकायचं, मान फिरवायची नाही, दुसरा हात तयार ठेवायचा. मनात आलं, सोडून द्यावा. मुलीचा सामना आहे. पण हात ऐकेना. तो आपोआप वर गेला आणि बॉल ग्लव्हमध्ये बसला, असा की मनगट झिणझिणलं.

मुली कपाळावर हात मारून उभ्या. काय केलं मी हे, म्हटलं.

प्राचीने बॅट टाकली. बेसकडे नाही, सरळ माझ्याकडे धावत सुटली. अख्खं मैदान ओलांडून, वेणी सुटलेली, दोन्ही हात वर.

"आउट!" ती ओरडत होती. "बघितलंत का? मी आउट! हिने पकडला!"

आणि येऊन अशी आदळली की आम्ही दोघी ग्लव्हसकट मातीत पडलो.